जे आहे त्यात तृप्त : खरेदीच्या जगातला ख्रिस्ती विश्वास (अनुभव धागा)

निमंत्रण

बायबलमधील फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की, कोणत्याही स्थितीत तृप्त राहायला तो शिकला आहे. हे वचन आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे, पण ते ज्या प्रसंगी लिहिले गेले तो प्रसंग सहसा सांगितला जात नाही. पौल तेव्हा बंदिवासात होता. त्या काळी बंदिवानाच्या अन्नवस्त्राची तरतूद बरीचशी त्याच्या आप्तमित्रांनाच करावी लागे, आणि फिलिप्पै येथील मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली होती. ती पोहोचल्याचे कळवताना, आभार मानता मानता, त्याने हे वचन लिहिले आहे. पौलाला मदतीची गरज होती, ती त्याने मोकळेपणाने स्वीकारली, आणि तरीही आपला आनंद त्या मदतीवर टांगलेला नाही हे देणाऱ्यांना प्रेमाने सांगितले. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी एकत्र असणे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या काळचे स्तोइक तत्त्वज्ञही तृप्तीची शिकवण देत असत. मनुष्याने स्वतःच्या बळावर इतके भक्कम व्हावे की बाहेरच्या कशाचीच त्याला गरज भासू नये, असा त्यांचा आदर्श होता. पौलाची तृप्ती वेगळ्या मुळावर उभी आहे, कारण आपले बळ ख्रिस्ताकडून येते असे तो लगेच पुढे म्हणतो.

आज आपण हे वचन अशा जगात वाचतो, जिथे माणसाला अतृप्त ठेवणे हेच असंख्य लोकांचे रोजचे काम झाले आहे. ख्रिस्ती माणूस त्याच जाहिराती पाहतो, त्याच हप्त्यांवर वस्तू घेतो, आणि उपासनेला बसतानाही त्या हप्त्यांची काळजी बरोबर घेऊन बसतो. पौल जे शिकला ते आपण या परिस्थितीत कसे शिकत आहोत, हे एकमेकांकडून ऐकावे, एवढाच या धाग्याचा हेतू आहे. कृपया प्रवचन लिहू नये. घरात, कामावर, हिशेबाच्या वहीत आणि प्रार्थनेत प्रत्यक्ष काय घडले ते लिहावे, आणि जिथे अजून अडते आहे तेही लिहावे.

घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या एक भगिनी

माझा अनुभव फोनवरच्या खरेदीचा आहे. दिवसभराची कामे उरकली की हात फोनकडे जाई आणि खरेदीचे एखादे ॲप उघडले जाई. त्या क्षणी मला कशाचीही गरज नसे. गरज पाहता पाहता तयार होई. थोडेच नग शिल्लक आहेत, सवलत मध्यरात्री संपणार आहे, वस्तू आत्ता घ्या आणि पैसे नंतर द्या, ही सगळी रचना माणसाला विचार करायला उसंत मिळू नये म्हणूनच केलेली असते. कार्डाचा तपशील आधीच साठवलेला असल्यामुळे इच्छा आणि खरेदी यांच्यामध्ये बोटाच्या एका स्पर्शाएवढेच अंतर उरते. मी ते अंतर वाढवायचे ठरवले. साठवलेले कार्ड काढून टाकले आणि एक वही केली. जे घ्यावेसे वाटेल ते तारीख घालून त्या वहीत लिहायचे, त्या रात्री प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणायची, आणि रविवारी उपासनेहून आल्यावर यजमानांबरोबर बसून ती यादी वाचायची, असा क्रम ठेवला.

यादीतल्या बहुतेक वस्तू रविवारपर्यंत नकोशा होत. हे मला अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते पुढचे. तारखा पाहताना लक्षात आले की नव्या पडद्यांची नोंद झाली त्या दिवशी बहिणीशी बोलणे तुटले होते, आणि महागड्या घड्याळाची नोंद झाली त्या दिवशी कार्यालयात माझ्या कामाचे श्रेय दुसऱ्याला मिळाले होते. वस्तूंच्या यादीतून माझ्या दुखण्यांची यादी वाचता येऊ लागली. तेव्हापासून ती वही मी प्रार्थनेसाठी वापरते. पडदे आले नाहीत. बहिणीला पत्र मात्र गेले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूच्या प्रार्थनेतली रोजच्या भाकरीची विनंती आणि कसर व जंग यांनी नाश पावणाऱ्या संपत्तीविषयीचा इशारा जवळजवळच आले आहेत. आजच्यापुरते मागायला शिकलेला माणूस साठवण्याच्या भीतीतूनही हळूहळू सुटतो, हे त्या अध्यायाचे अंतरंग मला या वहीमुळे उमगले.

जाहिरातलेखन करणारे एक विश्वासणारे

वरील ताईंनी ज्या रचनेचे वर्णन केले आहे ती रचना करणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून तिच्या आतल्या बाजूविषयी लिहितो.

एखादी वस्तू काय करते हे सांगणे हा जाहिरातीचा सोपा आणि प्रामाणिक भाग आहे. अवघड आणि अधिक मोबदल्याचा भाग पुढचा असतो: ज्याच्याकडे ती वस्तू नाही त्याला आपण मागे पडलो आहोत असे वाटायला लावणे. हे आजचे नाही. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी १९२९ च्या जानेवारीत एका व्यापारविषयक मासिकात लेख लिहिला आणि ग्राहकाला असमाधानी ठेवा, हे त्याच्या शीर्षकातच म्हटले. वस्तूत सतत सुधारणा होत राहावी आणि तिच्यामुळे लोकांना जुने अपुरे वाटत राहावे, त्यातच उद्योगाची भरभराट आहे, असा त्यांचा विचार होता. त्याच दशकात मोटारींचे नवे रूप दरवर्षी बाजारात आणण्याची पद्धत रुळली. विजेचे दिवे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी १९२४ च्या अखेरीस फीबस नावाचा आपसांतला करार केला आणि दिव्याचे आयुष्य सुमारे १००० तासांवर मर्यादित ठेवले. त्याहून अधिक टिकणारे दिवे करणाऱ्या सदस्य कंपनीला दंड होत असे. वस्तू लवकर निकामी व्हावी हा एक मार्ग आणि माणसाच्या मनात ती लवकर जुनी व्हावी हा दुसरा. आमचा व्यवसाय मुख्यतः दुसऱ्या मार्गावर चालतो.

विश्वासात आल्यावर ही नोकरी सोडावी का, हा प्रश्न माझ्यासमोर बराच काळ होता. घरातल्या ज्येष्ठांचे उपचार आणि भावंडाचे शिक्षण माझ्या पगारावर अवलंबून असल्यामुळे सोडणे सरळ नव्हते, आणि केवळ सोडल्याने हात स्वच्छ होतात असेही मला वाटत नाही. मी एक मर्यादा आखली. वस्तूचे गुण मी मनापासून लिहितो. शरीराच्या रंगाची, वजनाची, वयाची किंवा घराच्या लहानपणाची लाज वाटायला लावणारी ओळ मी लिहीत नाही. पहिल्यांदा नकार दिला तेव्हा ते काम सहकाऱ्याकडे गेले आणि त्या वर्षी माझी बढती थांबली. त्या नकारामागचा आधार मला दहाव्या आज्ञेत मिळाला. शेजाऱ्याचे घर, त्याचे गुरेढोरे, त्याचे जे काही असेल त्याचा लोभ धरू नको, असे ती आज्ञा सांगते. म्हणजे आपली हाव पुष्कळदा शेजाऱ्याकडे पाहून जन्मते हे देवाला प्रथमपासून ठाऊक आहे. मी लिहिलेल्या ओळीमुळे कोणाची नजर शेजाऱ्याच्या अंगणात खिळून राहणार असेल, तर त्या आज्ञेच्या भंगात मीही सहभागी होतो.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी

दादांनी दहाव्या आज्ञेविषयी लिहिलेले वाचून माझी गोष्ट सांगावीशी वाटली. आमच्या पिढीचा शेजारी फोनमध्ये राहतो आणि तो एकटा नसतो. शेकडो शेजाऱ्यांच्या आयुष्यातले निवडक क्षण आम्ही रोज पाहतो. ७३ व्या स्तोत्रात आसाफ कबूल करतो की दुष्टांचा उत्कर्ष पाहून त्याला हेवा वाटला आणि त्याचे पाय घसरता घसरता राहिले. देवाच्या पवित्रस्थानात जाईपर्यंत त्याला काही उमजेना. मी गेल्या प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, समाजमाध्यमे पूर्ण बंद ठेवली. पहिले काही दिवस केवळ अस्वस्थतेचे होते आणि त्या अस्वस्थतेला मी प्रार्थना म्हणू शकत नाही. नंतर एवढे झाले की मैत्रिणीच्या नव्या वस्तूचे कौतुक करताना मनात कळ उठेनाशी झाली. ईस्टरनंतर मी पुन्हा ती माध्यमे वापरते, पण सकाळी स्तोत्र वाचून झाल्याशिवाय उघडत नाही. हेवा परत येतो. मात्र तो आला हे आता मला ओळखता येते, आणि ज्या व्यक्तीचा हेवा वाटतो तिच्यासाठी त्याच वेळी नाव घेऊन प्रार्थना केली की त्याचा जोर ओसरतो.

एका मंडळीचे पाळक

पाळक या नात्याने मला दोन ठिकाणी हा विषय फार जवळून दिसतो: लग्नाआधीच्या समुपदेशनात आणि मृत्यूनंतरच्या घरात. लग्न ठरलेली मुले आपल्या प्रेमाविषयी भरभरून बोलतात. कर्जाविषयी विचारले की गप्प होतात. मृत्यू झालेल्या घरात मी सांत्वनासाठी जातो आणि पुष्कळदा वाटणीच्या वादात मध्यस्थ म्हणून अडकतो. भावाने वतनाचा वाटा द्यावा असे सांगा, ही येशूकडे आलेली मागणी लूकच्या बाराव्या अध्यायात आहे. येशूने न्यायाधीश होण्यास नकार दिला, लोभापासून सावध राहायला सांगितले, आणि कोठारे पाडून मोठी बांधणाऱ्या धनवानाचा दाखला दिला. त्या धनवानाचे स्वगत मोठ्याने वाचून पाहावे. त्यात माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव एवढेच येते; दुसरा माणूस एकदाही येत नाही. वाटणीवरून भांडणाऱ्या कुटुंबासमोर मी आता काही न सांगता तो दाखला वाचतो आणि त्यांना बोलू देतो. काही घरांत त्यामुळे वाट निघाली, काही घरांत निघाली नाही.

मला अधिक चिंता वाटते ती मंडळीच्या आतल्या गोष्टीची. ज्या अध्यायात पौल तृप्तीविषयी बोलतो त्याच अध्यायातले तेरावे वचन, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे, हे यशाचे घोषवाक्य म्हणून सर्वत्र छापले जाते. बढती, सामना, परीक्षा, नवे घर, कशासाठीही ते वापरले जाते. पौल मात्र तिथे उपाशी राहण्याविषयी, पोटभर जेवण्याविषयी, विपुलतेविषयी आणि टंचाईविषयी बोलत आहे. या सर्व अवस्थांत टिकून राहण्याचे सामर्थ्य हा त्या वचनाचा विषय आहे. विश्वासाने पेरा म्हणजे देव अनेक पटींनी संपत्ती देईल असे शिकवणारे उपदेश आमच्या लोकांच्या कानांवर सतत येतात. जो देव स्वतःच आमचा वाटा आहे त्याला वस्तू मिळवून देणारा मध्यस्थ ठरवणारी ही शिकवण मला खरेदीच्या संस्कृतीचेच धार्मिक रूप वाटते, आणि तिने गांजलेल्या कुटुंबांच्या स्वयंपाकघरात बसल्यावर माझे मन फार व्यथित होते. दान देऊनही कर्ज फिटले नाही, म्हणजे आपला विश्वास खोटा, असे त्यांना वाटत असते.

रोजंदारीवर काम केलेल्या आणि आता कामगारांसाठी काम करणाऱ्या एक भगिनी

पाळकसाहेबांच्या लिखाणाशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. तृप्तीचा उपदेश मी लहानपणापासून ऐकला, आणि तो बहुधा आमच्याकडून काम करून घेणाऱ्यांच्या तोंडून ऐकला. मजुरी वाढवून मागितली की आहे त्यात समाधान मानावे असे आम्हांला सांगितले जाई, आणि सांगणारा त्याच मंडळीत पुढच्या बाकावर बसत असे.

पवित्र शास्त्र असे वापरता येत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात अन्नवस्त्र असल्यास तेवढ्यात तृप्त असावे असे म्हटले आहे. ज्याला अन्नवस्त्रच नाही त्याने तृप्त असावे असे तिथे कोठेही म्हटलेले नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी धनवानांना उदार आणि परोपकारी होण्याची आज्ञा आहे. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो की कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी गेले आहे. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातला आगूर दारिद्र्य नको आणि संपत्तीही नको अशी प्रार्थना करतो, कारण पोट भरल्यावर आपण देवाला नाकारू आणि दरिद्री झाल्यास चोरी करू, ही भीती तो उघड बोलून दाखवतो. दारिद्र्यात पावित्र्य आपोआप येते असा भ्रम त्याला नाही. माझ्यापाशी तृप्ती आली ती हक्काची मजुरी मिळू लागल्यानंतर, आणि तीही अशा स्वरूपात की आणखी किती हवे याची भूक थांबवून ज्यांना अजून पुरेसे मिळत नाही त्यांच्याबरोबर उभे राहता आले. स्वतःसाठी कमी मागणे आणि शेजाऱ्यासाठी न्याय मागणे या माझ्या दृष्टीने एकाच प्रार्थनेच्या दोन ओळी आहेत.

एका धर्मसंघातील भगिनी

आम्ही दारिद्र्याचे व्रत घेतो, म्हणून आम्हांला हा प्रश्न सुटलेला असेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो लहान वस्तूंमध्ये राहायला येतो. मोठी मालमत्ता सोडून वाळवंटात गेलेली माणसे पुढे एखाद्या चाकूवरून, सुईवरून किंवा लेखणीवरून रागावतात, असे निरीक्षण योहान कासियान या मठवासी लेखकाने पाचव्या शतकात नोंदवून ठेवले आहे. मी ते नवशिक्या काळात वाचले तेव्हा माझ्याच टेबलावरच्या एका पेनाची आठवण झाली, जे कोणी उचलले की मला राग येई.

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमांत या बाबतीत विलक्षण शहाणपण आहे. ५५ व्या प्रकरणात तो वस्त्रांविषयी सांगतो की दोन अंगरखे आणि दोन झगे पुरेत, कारण एक धुण्यात असताना दुसरा हवा. आणि नवे वस्त्र मिळाले की जुने लगेच परत करावे, म्हणजे ते गरिबांसाठी ठेवता येईल. मात्र लागणाऱ्या सगळ्या वस्तू मठाधिपतीने पुरवाव्यात, अगदी सुई, रुमाल आणि लिहिण्याच्या पाट्यासुद्धा, जेणेकरून गरजेची सबब उरणार नाही, हेही तो तितक्याच आग्रहाने सांगतो. ३४ व्या प्रकरणातला विचार मला रोज उपयोगी पडतो. सर्वांना सारखे द्यावे असे तो म्हणत नाही. ज्याला जेवढी गरज तेवढे द्यावे, असे तो बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा आधार घेऊन म्हणतो. ज्याला कमी लागते त्याने देवाचे आभार मानावेत आणि खंत करू नये. ज्याला अधिक लागते त्याने आपल्या दुर्बलतेमुळे नम्र व्हावे आणि मिळालेल्या दयेमुळे फुगून जाऊ नये. आमच्या घरातल्या एका आजारी भगिनीला स्वतंत्र खोली, वेगळा आहार आणि उत्तम गादी मिळते. माझ्या मनात तुलना उठते तेव्हा मी हे प्रकरण पुन्हा वाचते. तृप्त असणे म्हणजे दुसऱ्याला अधिक मिळताना पाहून आनंद वाटणे, असे मला आता वाटते, आणि ते वस्तू सोडण्याहून पुष्कळ कठीण आहे.

एक दुकानदार

इथे बहुतेकांनी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिले आहे. मी विकणारा आहे. आमोसाच्या आठव्या अध्यायात ज्या व्यापाऱ्यांचा निषेध आहे ते शब्बाथ कधी संपेल आणि आम्ही धान्य कधी विकू, म्हणून उतावीळ झालेले आहेत. माप लहान करावे, नाणे मोठे करावे आणि तराजूत कपट करावे हे बेत ते शब्बाथातच आखत आहेत. विश्रांतीचा दिवस न सोसणारे मन आणि खोटे माप यांची सांगड संदेष्ट्याने घातली आहे, ती मला अचूक वाटते. मी प्रभूच्या दिवशी दुकान बंद ठेवतो. त्या दिवशीचे उत्पन्न बुडते आणि ते इतर दिवशी भरून येते असे मी म्हणणार नाही, कारण ते भरून येत नाही. रानात इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना हे रोजचे अन्न मिळत असताना सातव्या दिवसासाठी सहाव्या दिवशी दुप्पट मिळे. माझ्या हिशेबात तसे दिसत नाही, तरीही मी दुकान उघडत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आलेल्या जकातदारांना आणि शिपायांना त्याने पेशा सोडायला सांगितले नाही. ठरलेल्याहून अधिक घेऊ नका, जुलूम करू नका, आपल्या पगारात तृप्त असा, असे सांगितले. ग्राहकाला वस्तूची गरज दिसत नसेल तर मी तसे सांगतो. एवढे पाळूनही दुकान चालते.

निवृत्त शिक्षक

काटकसर आणि तृप्ती यांत गल्लत होते, याविषयी थोडे लिहितो. मी आयुष्यभर काटकसरीने राहिलो आणि त्यालाच समाधानी वृत्ती समजून लोक माझे कौतुक करीत. पत्नीच्या निधनानंतर कपाटे उघडली तेव्हा न वापरलेल्या चादरी, भांडी, कापडे असे पुष्कळ निघाले. वेळप्रसंगी लागेल म्हणून दोघांनी ठेवलेले. कैसरियाचा बिशप बासिल याने चौथ्या शतकात, कोठारे बांधणाऱ्या धनवानाच्या त्याच दाखल्यावर बोलताना सांगितले होते की, तू राखून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे आणि पेटीत ठेवलेले वस्त्र उघड्याचे आहे. मी ती कपाटे त्या उपदेशाच्या साक्षीने रिकामी केली. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पैशाच्या उपयोगावरील प्रवचनात तीन नियम दिले: शक्य तितके मिळवा, शक्य तितके वाचवा, शक्य तितके द्या. अनुयायी पहिले दोन पाळतात आणि तिसरा विसरतात, ही खंत उतारवयात त्यांनी वारंवार बोलून दाखवली. खर्च न करणाऱ्या माणसालाही वस्तूंनी बांधून ठेवलेले असू शकते. आता माझ्या पेन्शनमधील देण्याचा भाग मी महिन्याच्या आरंभी बाजूला काढतो. उरलेल्यात भागते की नाही हे नंतर पाहतो.

नोकरी गमावलेले एक सदस्य

मी थोडक्यात लिहितो. सध्या मी तृप्त नाही. हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायात अंजीर फुलला नाही, शेतांत अन्न नाही, गोठ्यांत गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन, असे म्हटले आहे. मला तो उल्लास नाही. पण तो संदेष्टा, जे जे नाही त्याची नोंद आधी करतो, काही झाकत नाही, एवढ्याचा आधार वाटतो. मी दररोज आपल्याकडे काय नाही ते देवासमोर नावानिशी सांगतो. वरील भगिनींनी मजुरीविषयी जे लिहिले त्याबद्दल त्यांचे आभार.

सामायिक जीवनाचा प्रयत्न करणाऱ्या काही कुटुंबांच्या वतीने

वरील बंधूंनी लिहिलेले वाचून आधी त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि मग हे लिहायला घेतले. आमच्या मंडळीतील काही कुटुंबांनी असे ठरवले की तृप्ती एकट्याने शिकण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. शिडी, ड्रिल मशीन, शिवणयंत्र, प्रवासाच्या मोठ्या पिशव्या, लहान मुलांचे पाळणे, अशा क्वचित लागणाऱ्या वस्तू आम्ही एकत्र ठेवल्या. हे सोपे होते आणि आनंदाचेही झाले. नंतर मोठी खरेदी करण्याआधी ती एकमेकांना सांगायची असे ठरले. परवानगी मागायची नाही, फक्त सांगायचे. इथे अडचणी सुरू झाल्या, कारण सांगताना खरे कारण सांगावे लागते. चालता न येणाऱ्या आईसाठी मोटार घ्यायची होती त्या कुटुंबाने ते सहज सांगितले. दुसऱ्या एका कुटुंबाने, नातेवाइकांत आपली किंमत राहत नाही म्हणून मोटार हवी आहे, असे जेव्हा प्रांजळपणे सांगितले, तेव्हा सगळे स्तब्ध झाले, आणि मग त्या अपमानाविषयी आम्ही बराच वेळ बोललो. मोटार घ्यावी की नाही हा विषय त्या संध्याकाळी मागे पडला.

मान्ना प्रत्येकाच्या वाट्याला एक ओमर, म्हणजे एक ठरलेले माप, मिळे. जास्त गोळा करणाऱ्याला जास्त झाले नाही आणि कमी गोळा करणाऱ्याला कमी पडले नाही, असे निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्नात किडे पडले. पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हीच ओळ उद्धृत करतो, आणि ती यरुशलेमेतल्या गरजू पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करताना करतो. रानात देवाने जे प्रत्यक्ष घडवून आणले ते मंडळीत विश्वासणाऱ्यांनी आपल्या खुशीने घडवावे, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. खुशीने हा भाग आम्ही जपतो, कारण प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात, जमीन विकून आलेल्या पैशांतले काही लपवून उरलेले मंडळीला देणाऱ्या हनन्याला पेत्र स्पष्ट सांगतो की ती जमीन विकण्यापूर्वी त्याचीच होती आणि विकल्यावर तिचे पैसेही त्याच्याच स्वाधीन होते. दोष खोटे बोलण्यात होता.

सध्या आमच्यासमोर असा प्रश्न आहे की प्रत्येक कुटुंबाने आपले उत्पन्न उघड सांगावे का. काहींच्या मते त्याशिवाय पुरेसे म्हणजे किती हे ठरवता येणार नाही आणि ज्यांना अडचण आहे त्यांना मदत मागण्याची लाज कायम राहील. काहींना भीती वाटते की आकडे समोर आल्यावर तुलना नव्याने सुरू होईल आणि कमी मिळवणारी कुटुंबे हळूहळू बैठकीला येणे थांबवतील. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक आहेत. या धाग्यावरील कोणाच्या मंडळीत किंवा धर्मसंघात असा प्रयोग झाला असेल, तर त्यांनी उत्पन्नाची चर्चा कशी केली, कोणती मर्यादा ठेवली आणि ज्यांनी सांगण्यास नकार दिला त्यांच्याशी पुढे संबंध कसे राहिले, हे कृपया सविस्तर लिहावे. आमच्या पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवू.